बेटाआधीचा नकाशा

लग्नानंतर जुईलीला पहिल्यांदा माझ्या गावी, हेदण्याला नेलं, तेव्हा जलटॅक्सीने खाडीच्या ऐन मध्यावर एकाएकी डावीकडे तोंड फिरवलं. समोर काहीच नव्हतं. भरतीचं संथ पाणी आणि पलीकडच्या काठावर पडाळे गावाचे माड, एवढंच. तरी आमची बोट रस्त्यात म्हैस बसलेली असावी तशी बाजूने गेली आणि पुढे जाऊन पुन्हा आपल्या वाटेला लागली. बोटीतल्या एकाही माणसाने मान वर केली नाही. सगळ्यांच्या ते अंगवळणी पडलेलं होतं.

"हे काय होतं?" जुईलीने विचारलं.

"बेट," शेजारी टोपली धरून बसलेला गृहस्थ म्हणाला. "मशिनीला दिसतंय. आपल्याला नाय दिसत. आपली नजर अधू."

बोटभर हशा पिकला. मीही हसलो. जुईली मात्र उठून उभी राहिली. तिने मागचा काठ पाहिला, पुढचा काठ पाहिला, टेकडीवरच्या देवळाशी काहीतरी नेम जुळवला आणि पांढऱ्याफटक चेहऱ्याने माझा दंड धरला.

"सुमेध, ते बेट माझं आहे."

नवी नवरी गावात पाऊल टाकण्याआधीच खाडीतल्या जागेवर हक्क सांगू लागली, तर नवऱ्याने काय करावं? मी तिला हाताला धरून खाली बसवलं.

जुईली काय काम करते हे सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. विमान चालवण्याचा सराव ज्या यंत्रावर करतात, त्या फ्लाइट सिम्युलेटरसाठी ती पाणी बनवते. पाणी आणि काठ. ऐकणारा इथे "म्हणजे?" असं विचारतोच. सिम्युलेटर बनवणारे लोक धावपट्ट्या, इमारती, मनोरे यांच्यावर जीव टाकतात आणि पाण्याच्या जागी निळा पत्रा अंथरून मोकळे होतात. शहरातल्या विमानतळावर उतरणाऱ्याचं त्यावाचून काही अडत नाही. पण पाण्यावर उतरणाऱ्या विमानाचं सगळंच अडतं. वारा पडला की पाण्याचा आरसा होतो, आणि आरसा आपल्यापासून किती खाली आहे हे माणसाच्या डोळ्यांना कळत नाही. अशा वेळी वैमानिक काठाजवळून उतरतो आणि काठावरची झाडं, दगड, चिखल पाहून उंचीचा अंदाज बांधतो. काठ चुकीचा काढलेला असेल, तर सराव करणारा चुकीचाच अंदाज शिकतो. म्हणून जुईली काठाला तळहातावरच्या फोडासारखं जपते.

तिच्या कामाचा पाया म्हणजे एक काळंपांढरं चित्र. काळं ते पाणी, पांढरी ती जमीन, आणि मधला करडा म्हणजे ओहोटीला उघडा पडणारा चिखल. नवखे लोक उपग्रहाचं एक छायाचित्र घेतात आणि त्यावरून रेघ मारतात. ते छायाचित्र भरतीचं होतं की ओहोटीचं, हे बघत नाहीत. जुईली एकेका खाडीची वेगवेगळ्या भरती-ओहोटीची छायाचित्रं एकावर एक ठेवून काठ काढते. खोलीसाठी तर ती लाटांनाच कामाला लावते. लाट उथळ पाण्यात शिरली की तिचा वेग मंदावतो आणि मागच्या लाटा पुढच्यांना येऊन भिडतात. पाठोपाठ घेतलेल्या दोन छायाचित्रांत लाटांची शिखरं किती सरकली, हे मोजलं की खालचा तळ किती खोल आहे याचं गणित मांडता येतं. गढूळ खाडीचा तळ डोळ्यांना दिसत नाही, पण लाटेला तो जाणवतो. मी कनिष्ठ महाविद्यालयात भूगोल शिकवतो. हे तिने मला पहिल्यांदा समजावलं, त्याच दिवशी मी तिला मागणी घातली.

आता बेटाचं. हे पाणी बनवणारे हौशी लोक जगभर आपलं काम फुकट वाटतात, आणि फुकटाला चोर फार. त्यामुळे त्यांच्यात एक रीत पडून गेली आहे. प्रत्येक जण आपल्या कामात कुठेतरी एक खोटी गोष्ट लपवतो. कुणी जगात नसलेला धक्का काढतो, कुणी दीपस्तंभ. दुसऱ्याच्या नकाशात तो धक्का दिसला की चोर सापडला. आमचं लग्न ठरायच्या आधी, माझं गाव कसं दिसतं या उत्सुकतेपोटी, जुईलीने हेदण्याची सबंध खाडी काढली होती. खूण म्हणून मध्यावर करड्या रंगाचं एक बेट ठेवून दिलं होतं. मधली जागा तिने मुद्दाम निवडली होती, कारण तिथे पाणी खोल होतं. तिथे बेट असणं शक्यच नव्हतं.

ते बेट उचललं 'नीलपट' नावाच्या कंपनीने. किनाऱ्यावरच्या सगळ्या बोटींना आता आपोआप सुकाणू धरणारं यंत्र सक्तीचं आहे आणि त्यातले नकाशे नीलपटचे. आमच्या खाडीची नवी मोजणी कुणी केली नव्हती. कंपनीच्या संगणकाने हाताला लागेल ते गोळा केलं, त्यात जुईलीचं काम सगळ्यांत नेटकं निघालं, म्हणून ते बेटासकट गिळलं. यंत्र बेटाभोवती सुरक्षित अंतर सोडून बोट नेतं. ते अंतर मोडून बोट मध्ये घातली आणि काही झालं, तर विमा मिळत नाही. त्यामुळे सगळा गाव हसत हसत, शिव्या घालत, पण नेमाने त्या बेटाला सोडून जात होता.

जुईलीने नीलपटला पत्र धाडलं. तिला पैसे नको होते. या खाडीचं पाणी जुईली शिरधनकर हिने काढलं आहे, अशी ओळ नकाशाखाली यावी, एवढंच तिचं म्हणणं होतं. उत्तर आलं की आमचे नकाशे आमच्याच मोजणीचे आहेत. ती अपमानाने रडली. मी पहिल्यांदाच तिला रडताना पाहत होतो. मग आम्ही दावा लावला. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात, पण शहाण्यांची चोरी झाली तर त्यांनी कुठली पायरी चढावी, हे म्हणणारे सांगत नाहीत.

दावा साधा होता. नीलपटच्या नकाशात बेट आहे, खाडीत नाही, म्हणजे नकाशा चोरला. आमच्या वकीलबाई म्हणाल्या, दुसऱ्या तारखेला निकाल लागेल. पुढे तारखांवर तारखा पडत गेल्या. कधी न्यायाधीश बदलले, कधी कंपनीचे वकील आजारी पडले, कधी कोर्टाचं छप्पर गळू लागलं. मध्यंतरी माझी बदली चिपळूणला झाली आणि शनिवार-रविवार आम्ही हेदण्याला इंदूआत्याकडे जाऊ लागलो.

इंदूआत्या माझ्या वडिलांची बहीण. खाडीत होडी वल्हवते, कालवं फोडते, आणि घरात आलेल्या प्रत्येक माणसाला आधी जेवलास का विचारून मग ओरडते. एका रविवारी ती टोपलीभर शिंपल्या, आमच्याकडे त्यांना तिसऱ्या म्हणतात, घेऊन आली. बोटी वाढल्यापासून आमच्या खाडीतून तिसऱ्या गेल्यातच जमा होत्या, म्हणून मी विचारलं, कुठून आणल्या?

"मधल्या दांड्यावरनं. आता ओहोटीला उघडा पडतो तो. आमी सगळ्या बायका पाळीपाळीनं जातो. आज माझी पाळी होती."

जुईलीने हातातला कप खाली ठेवला. "मधल्या म्हणजे कुठल्या, आत्या?"

"अगो, बोटी ज्याला सोडून जातात ना, तोच. त्या मशिनीचा. आता दिसतो आमाला पण. सुधारली नजर!"

त्याच दुपारी ओहोटीला आत्याने आम्हाला होडीतून नेलं. होडी चिखलात रुतली, जुईली उतरली आणि घोट्यापर्यंतच्या गाळात उभी राहिली. पायाखाली जमीन होती. कडेला तिवराची, म्हणजे खारफुटीची, चार कोवळी रोपं होती, खेकड्यांची बिळं होती, आणि एक बगळा आमच्याकडे त्रासिक नजरेने पाहत होता. जुईलीने खाली वाकून चिखलाला हात लावला आणि हसायला लागली. हसता हसता तिचे डोळे भरून आले.

काय झालं असावं हे मला तिथेच कळत गेलं, आणि खरं सांगतो, इतकी वर्षं वर्गात शिकवलेल्या भूगोलाने माझ्या अंगावर काटा आणला. नदी डोंगरातून बारीक माती आणते. गोड्या पाण्यात तिचे कण सुटे तरंगतात. खाऱ्या पाण्यात आले की ते एकमेकांना चिकटतात, त्यांचे जड पुंजके होतात, आणि भरती-ओहोटीच्या मधल्या स्तब्ध वेळेत ते खाली बसू पाहतात. आमच्या खाडीत बोटींचे पंखे आणि लाटा हा गाळ सारखा ढवळत होत्या, म्हणून तो बसत नव्हता. बेटाच्या जागी मात्र वर्षानुवर्षं एकही बोट गेली नाही. तिथला गाळ बसला तो बसलाच. तळ उचलला गेला तसं वरचं पाणी मंदावलं, आणि मंद पाण्याने आणखी गाळ टाकला. मग तिसऱ्या आल्या, तिवरं आली आणि त्यांनी सगळं धरून ठेवलं. नसलेल्या बेटाला बोटी घाबरल्या, आणि घाबरल्या म्हणून बेट झालं. आपल्या न्यायव्यवस्थेने त्याला लागेल तेवढा वेळ दिला.

पुढच्या तारखेला नीलपटचे वकील बेहेरे हातात बेटाचे फोटो घेऊनच आले. "नसलेलं बेट म्हणतात ते हेच का?" त्यांनी गोड आवाजात विचारलं. "आमच्या अशिलाचं म्हणणं पहिल्यापासून एकच आहे. बेट तेव्हाही होतं, म्हणून नकाशात आलं. यात चोरी कसली?"

चोराने चोरलेली वस्तू खरी होऊन बसली आणि चोरीचा पुरावाच नाहीसा झाला. आमच्या वकीलबाईंनी कपाळाला हात लावला.

पुरावा मी काढला. जुईलीचं काम प्रसिद्ध झालं त्याच्या पुढच्या वर्षी, चौपदरी रस्त्यासाठी डोंगर कापला होता, तेव्हाच्या पुरात लालभडक माती खाडीत उतरली होती. तिचा थर तळाशी अजून आहे. मी बेटात लांब नळी ठोकली आणि गाळाची कांडी उपसून काढली. वर सगळा राखाडी गाळ, आणि पार खाली, जुन्या तळाच्या खोलीवर, तो लाल थर. म्हणजे अख्खं बेट पुरानंतरचं. जुईलीने रेघ ओढली तेव्हा तिथे नुसतं खोल पाणी होतं. मी ओसरीवर नाचायचाच बाकी होतो.

वकीलबाईंनी फोनवर सगळं ऐकून घेतलं. "दावा जिंकलात," त्या म्हणाल्या. "फक्त एक गोष्ट सांगून ठेवते. खाडीत आपोआप तयार झालेल्या बेटाला कायद्याचं संरक्षण आहे. पण ते नकाशातल्या चुकीमुळे झालं असं सिद्ध झालं, तर त्याला बेट म्हणत नाहीत. जलमार्गातला अडथळा म्हणतात. तो उपसून मार्ग पूर्ववत करावा लागतो."

जुईलीने फोन ठेवला. अंगणात आत्या दुसऱ्या दिवशीच्या पाळीवरून दोन बायकांशी भांडत होती.

"कांडी द्यायची नाही," जुईली म्हणाली.

मी तिला वेड्यात काढलं. म्हटलं, "अगं, इतकी वर्षं झगडलीस ती कशासाठी? त्यांनी तुझं काम ढापलं. वर कोर्टात उभं राहून खोटं बोलतायत. खरं आपल्या हातात आहे, ओसरीवर नळीत भरून ठेवलंय!"

"माहितीये मला."

"मग?"

"मला माझं नाव हवं होतं, सुमेध. अजून हवंय. इतकं हवंय की रात्री झोप लागत नाही. पण त्यासाठी त्या चिखलात यंत्र घालून तो उपसायचा? आत्याच्या तिसऱ्या, ती तिवरं, तो चिडका बगळासुद्धा? ते मला जमणार नाही."

"खोटं जिंकेल."

"जिंकू दे," ती म्हणाली.

मी तिच्याशी दोन दिवस नीट बोललो नाही. माझा राग तिच्यावर नव्हताच. जिच्यावर अन्याय झाला तीच सोडून देत होती, आणि मला तो अन्याय कुठे ठेवावा ते कळत नव्हतं. आत्याला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. ती जेवताना दोघांच्या तोंडाकडे आळीपाळीने बघे आणि ज्याचा चेहरा जास्त पडलेला असेल त्याला जास्त वाढे.

सुनावणी रत्नागिरीला झाली. नव्या न्यायाधीश मुकादम मॅडम शांतपणे सगळं वाचून आल्या होत्या. जुईली उभी राहिली.

"मला दावा मागे घ्यायचा आहे."

"कारण?"

"कंपनीचं म्हणणं आहे की बेट तेव्हाही होतं." ती थांबली. खोटं तिच्या तोंडून निघत नाही, हे मला माहीत होतं. "त्यांचं म्हणणं मला खोडून काढायचं नाही."

बेहेरेंना आनंद आवरला नाही. नुसतं मागे घेणं पुरेसं नाही, पुढे कुणी पुन्हा उकरून काढू नये, तेव्हा त्या काळी बेट होतं असं नोंदवून घ्यावं, अशी त्यांनी विनंती केली.

मुकादम मॅडमनी चष्मा काढला. "बेहेरे, हे तुमचं ठाम म्हणणं? यांनी नकाशा प्रसिद्ध केला तेव्हा हे बेट होतं?"

"अगदी ठाम, मॅडम."

"आणि त्या वेळी तुमचा नकाशा कुठे होता?"

"आमचा नंतर आला. पण मोजणी आमचीच."

"असेल. घेते नोंदवून. म्हणजे बेट होतं, आणि ते सगळ्यात आधी दाखवणारा नकाशा या बाईंचा आहे." त्या लेखनिकाकडे वळल्या. "नव्या बेटांच्या नोंदीत प्रथम नोंद करणाऱ्याचं नाव लागतं आणि बेटाला नाव देण्याचा मानही त्यालाच असतो. जलमापन कार्यालयाला तसं कळवा. नीलपटनेही या खाडीच्या नकाशाखाली प्रथम नोंद म्हणून यांचं नाव द्यावं. काही हरकत, बेहेरे?"

बेहेरे कागद आवरू लागले. हरकत घ्यायची तर बेट नव्हतं असं म्हणावं लागणार होतं.

जुईली मात्र घाबरून पुढे झाली. "मॅडम, मी ते शोधलं नाही. मी फक्त..."

"तुम्ही आत्ताच म्हणालात, त्यांचं म्हणणं खोडायचं नाही," मुकादम मॅडम म्हणाल्या. "पुढचा दावा."

बाहेर वकीलबाई भिंतीला टेकून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. मीही हसलो, कितीतरी दिवसांनी. जुईली परतीच्या वाटेवर म्हणाली, "मी केलेल्या पाण्याबद्दल माझं नाव हवं होतं. मिळालं ते बेट शोधल्याबद्दल. न शोधलेल्या बेटाबद्दल. सुमेध, मला लाज वाटतेय रे." मी म्हटलं, नाव तर आलं ना. ती खिडकीतून बाहेर बघत राहिली.

महिन्याभराने जलमापन कार्यालयाचा अधिकारी हेदण्याच्या धक्क्यावर आला. तरुण, हसतमुख, हातात टॅबलेट. सरपंच आले, बायका टोपल्या घेऊन आल्या, आत्या ठेवणीतलं लुगडं नेसून आली. आपल्या घरच्या सुनेने बेट शोधलं ही बातमी तिने पडाळ्यापर्यंत पोचवली होती.

"मॅडम, नाव सांगा," अधिकारी म्हणाला. "बरेच जण स्वतःचं देतात. 'जुईली बेट' छान वाटेल."

सरपंचांनी टाळ्या वाजवल्या. जुईलीचा चेहरा कोर्टात झाला होता तसाच झाला. ती आत्याकडे वळली.

"आत्या, तुम्ही बायका त्याला काय म्हणता?"

"आमी?" आत्या जरा लाजली. "आमी आपलं वळसा म्हणतो. वळशावर जाऊन येते, असं. सगळ्या बोटी काय नसताना तिथनं वळसा घालून जायच्या ना, म्हणून."

"काही नसताना म्हणजे?" अधिकाऱ्याने विचारलं.

जुईलीने त्याच्या हातातला टॅबलेट हळूच घेतला.

"गावची माणसं, म्हणतात काहीतरी," ती म्हणाली. "मला हेच नाव द्यायचंय."

तिने बोटाने अक्षरं उमटवली, वळसा, आणि वाचून पाहिली. त्या सगळ्या सरकारी नोंदीत, तारखेपासून तिच्या नावापर्यंत, खरी गोष्ट तेवढीच होती, आणि ती जुईलीने स्वतःच्या हाताने लिहिली होती. तिने टॅबलेट परत दिला, माझ्याकडे पाहिलं आणि कोर्टाच्या दिवसानंतर पहिल्यांदा मनापासून हसली. माझा राग कुठे गेला ते मला कळलं नाही. ओहोटी लागली होती, आणि बायका घाईने होडीत चढत होत्या.